कालवांचा खडक

बोरीच्या शाळेत मी बारा वर्षं किनारपट्टीचा धडा शिकवत होते आणि समुद्र एकदाही पाहिला नव्हता. यंदा शाळेला भूगोलाची खोली मिळाली, तेव्हा ठरवलं, किनाऱ्याच्या वस्तू स्वतः जाऊन आणायच्या. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं कोकणात निघालो. मी म्हणजे धम्मशीला, जिंतूरला कारकुनी करणारा माझा धाकटा भाऊ नागसेन, आणि माझ्या वर्गातल्या दिपालीचे वडील रायभान. ते मेंढरं राखतात, खांद्यावरची घोंगडी प्रवासातही उतरवत नाहीत.

खाडीच्या तोंडाशी एक काळा खडक आहे. अमावस्येच्या सुमाराला ओहोटी लांबवर जाते, तेव्हाच तो जेमतेम दोन तास उघडा पडतो. रोज कालवं काढणाऱ्या, तिथल्याच जानकीबाई तांडेल आम्हाला तिथे घेऊन गेल्या. वय साठीचं, चाल आमच्यापेक्षा तरतरीत. घरचे पुरुष होड्यांवर असले की बायकांची चूल या खडकावरच पेटते, असं त्या चालता चालता सांगत होत्या. खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे खडबडीत शिंपले, लोखंडी टोच्याने फोडायची, आतला गर काढून बांबूच्या पाटीत टाकायचा आणि पाणी वळायच्या आत परतायचं.

त्यांनी हाक दिली तेव्हा मी खडकाच्या पार टोकाला होते. कालवांनी मढलेला एक सुरेख दगड काही केल्या सुटत नव्हता. दुसरी हाक आली. नागसेन मला न्यायला आला. तिसऱ्या हाकेला दगड सुटला, पोतं भरलं. पण आलो ती वाट पाण्याखाली गेली होती!

पोतं पाठीवर घेऊन नागसेन कांदळवनाच्या बाजूने वळला. तिकडे जमीन कोरडी दिसत होती. चार पावलं गेला. पाचव्याला मांडीपर्यंत चिखलात!

तो पाय ओढू लागला, तसा आणखी रुतला. पाणी चिखलावर पसरत येत होतं. मी पुढे धावले, तर जानकीबाईंनी मला मागे खेचलं.

"पाय मारू नको. पोतं टाक आणि आडवा हो," त्या त्याला म्हणाल्या.

नागसेनने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळीसुद्धा त्याने माझ्याकडे पाहिलं, याची मला लाज वाटली. "टाक ते," मी ओरडले. पोतं चिखलात गेलं.

मग जानकीबाईंनी आपली पाटी उलटी केली. सकाळभराची कालवं पाण्यात सांडली. रुंद पालथी पाटी त्यांनी नागसेनच्या छातीखाली सरकवली. रायभान घोंगडी अंथरून तिच्यावर पालथे झाले, त्याच्या काखेत हात घातले. मी रायभानचे पाय धरले.

"ओल्या काळ्या रानात मेंढरू असंच काढतो आमी," ते म्हणाले. "घाई न्हाई करायची."

एक पाय सुटला. पाणी कोपरापर्यंत आलं. ओढा! दुसरा सुटला.

मधला ओहोळ येताना गुडघाभर होता, आता छातीला लागला. घोंगडीचा पीळ धरून चौघं एकामागे एक शिरलो. पुढे जानकीबाई. रायभानना पोहता येत नव्हतं. मध्यावर त्यांचा पाय सुटला, डोकं पाण्याखाली गेलं! नागसेनने त्यांची कॉलर पकडली आणि सोडलीच नाही.

काठावर आम्ही आडवे पडलो. रायभान खोकत म्हणाले, "दिपालीला सांगायलाच पायजे. समुद्राचं पानी लय खारट हाय."

जानकीबाई रिकामी पाटी धुवत होत्या. कालवं विकायला नेणारी बाजारची गाडी त्यांना दुरून दिसली आणि त्यांच्याशिवाय निघूनही गेली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माणूस गेला असता, तर पाटी घेऊन काय केलं असतं गो?"

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं त्यांच्या दारात उभे होतो. आदल्या दिवशी उन्हात वाळत घालूनही घोंगडी ओलीच होती. खडकावर त्यांनी टोचा कसा मारायचा ते शिकवलं. आमची बोटं कापली, मिठाने चुरचुरली. पण एका तासात पाटी काठोकाठ भरली.

"तुझे दगड घे आता. अजून वेळ आहे," जानकीबाई म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हटलं.

रायभाननी पाटी डोक्यावर घेतली, आणि पाणी वळायच्या आत आम्ही बाजारच्या गाडीची वाट धरली.