कवटीचं नाव

"ठेव ती खाली! आई, आत्ताच्या आत्ता खाली ठेव!"

"हळू बोल. इथे माणसं झोपलीत."

"माणसं? चारशे वर्षांपूर्वी प्लेगात मेलेली ती! आणि त्यातल्या एकाला तू माझ्या भावाचं नाव देतेस? जिवंत भावाचं?"

नुन्झियातानं कवटी मांडीवर घेतली आणि फडक्यानं तिचं कपाळ पुसायला लागली, नुकत्याच न्हाऊ घातलेल्या पोराचं पुसावं तसं. सोमवारची दुपार होती. गुहेच्या तोंडाशी ऊन भाजत होतं आणि तिथे तिच्या गाइड मुलीचे, टिटीनाचे, पंधरा जर्मन पर्यटक आइस्क्रीम चाटत उभे होते. सकाळी तिनं त्यांना मोठं चर्च दाखवलं, मग राजवाडा. समुद्रातला किल्ला संध्याकाळी. मध्ये ही हाडांची गुहा. नेपल्सला येऊन कवट्या पाहिल्या नाहीत तर फेरी फुकट गेली असं वाटतं अशा लोकांना.

"बाहेर पंधरा जण उन्हात शिजतायत," टिटीना दात आवळून म्हणाली. "काय सांगू त्यांना? ही माझी आई?"

"सांग ना. रोज सांगतेसच की, या भोळ्या बायका एकेक कवटी दत्तक घेतात, फुलं वाहतात आणि तिच्याकडे लॉटरीचे आकडे मागतात. वर हसतेस. लायसन्स आहे ना तुझ्याकडे हसायचं!"

"हसते, पण रीत मला ठाऊक आहे. नाव आपण ठेवायचं नसतं. ज्याची कवटी, तो स्वप्नात येऊन आपलं नाव सांगतो. तू उठलीस आणि सरळ अनिएल्लो म्हणून मोकळी झालीस! अगं, तूच मारतेयस त्याला!"

अनिएल्लोची मासेमारीची होडी अकरा महिन्यांपूर्वी गेली ती परत आलीच नव्हती. फळीचा तुकडासुद्धा सापडला नव्हता, आणि त्या न सापडलेल्या फळीवरच टिटीना तगून होती. ट्युनिसच्या एखाद्या बोटीनं उचललं असेल... कुठल्या तरी इस्पितळात असेल, शुद्ध हरपून... त्याचे शर्ट ती अजून इस्त्री करून ठेवत होती.

तिनं पुढे होऊन कवटी हिसकावली. बोटं ओली झाली.

आजूबाजूच्या हजारो कवट्यांवर बोटभर कोरडी धूळ होती. गुहेचा दगडही असा तहानलेला, की पाणी सांडलं तर डाग उरत नाही. या एकीच्या कपाळावर मात्र थेंब धरले होते. कवटीला घाम फुटला की मागणं पोचलं, असं इथल्या बायका मानतात. टिटीनानं बोट नाकाशी नेलं. शेवाळाचा वास. त्याखाली डिझेलचा. समुद्र इथून चालत पाऊण तासावर होता.

तिनं कवटी अलगद आईच्या मांडीवर परत ठेवली.

"हे पाणी... तू आणलंस ना, बाटलीतून? आई, खरं सांग..."

"संध्याकाळी लोकांना वाटेला लावलंस की तू किल्ल्याच्या मागच्या भिंतीवर जातेस," नुन्झियाता म्हणाली. "आसपास कोणी नाही असं बघून त्याला हाक मारतेस. तीनदा."

हे टिटीनानं कुणालाच सांगितलं नव्हतं, पाद्र्यालाही नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"नाव मी नाही ठेवलं, पोरी. तीन रात्री स्वप्नात येऊन तो नाव सांगत होता, मी त्याला दारातूनच परतवलं. म्हटलं, घर चुकलास रे बाबा, माझा मुलगा जिवंत आहे..."

गुहेच्या तोंडाशी कोणीतरी टिटीनाला बोलावत होतं. तिनं पाठ तिकडेच ठेवली.

"खोटं... खोटं बोलतेस. तो येणार आहे..."

"येतो ना. रोज येतो," आईनं कपाळावरचे नवे थेंब टिपले. "म्हणाला, ताईला सांग, आता हाका मारू नकोस म्हणावं, तिनं हाक मारली की मला भिंतीपर्यंत यावंच लागतं, आणि माझं तोंड आता तिनं बघावं असं राहिलेलं नाही."