चार वाजताची फेरी

"काल तो दिव्याचा खांब खिडकीत होता," घुमी म्हणाली. "आज दारात आलाय."

फटाक्याने पत्ते पिसता पिसता बाहेर नजर टाकली. "सुट्टी लागलीय. एका जागी उभं राहून बिचारा कंटाळला असेल."

"खांब नाही हलला. गाडी हललीय."

"ही गाडी? अगं, हिला मेलेली गाडी म्हणतात. चाकं गंजलीत, पंखे काढून नेलेत, बाकांवर बोटभर धूळ आहे. ही हलली तर मी मिशी उतरवून देईन."

"तुला मिशी कुठाय?" शेपटीने विचारलं.

फटाका हा घुमीचा मावसभाऊ. वय चौदा, आणि तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की रात्रीच बंद. शेपटी त्याची दहा वर्षांची बहीण. तो जाईल तिथे ती मागोमाग, म्हणून तिचं नाव शेपटी. दोघं सुट्टीला मावशीकडे आली होती. घुमीला घुमी हे नाव फटाक्यानेच या खेपेला ठेवलं होतं. गेल्या सुट्टीत जी मुलगी त्याला एक वाक्य धड पुरं करू देत नव्हती, ती आता विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हती. नावाचा तिला राग आला नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे.

बाबांचंही तसंच झालं होतं. बावीस वर्षं ते मोटरमन होते आणि याच गाड्या चालवत होते. मग नव्या गाड्या आल्या, सगळा कारभार काचेच्या पडद्यावर. त्या चालवायच्या परीक्षेत बाबा दोनदा नापास झाले. तिसरी संधी नव्हती. जुन्या गाड्या एकेक करून सेवेतून काढल्या, कारशेडमागच्या तीन रुळांवर आणून उभ्या केल्या आणि त्यांच्या राखणीला बाबांना बसवलं. फाटकाजवळ एक खुर्ची आणि एक वही. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार, अशा तीन फेऱ्या मारायच्या. हातब्रेक घट्ट आहेत ना, चाकांपुढचे लाकडी ठोकळे जागेवर आहेत ना, ते बघायचं आणि वहीत लिहायचं. बाबा कुणावर चिडले नाहीत. जेवायला हाक मारली की जेवायचे, दिवा मालवला की झोपायचे. आई औषधांच्या दुकानातून दमून घरी यायची आणि दोघांची तोंडं बघून तीही गप्प व्हायची. घर कसं बधिर होऊन गेलं होतं.

शेपटीच्या खिशात खडू होताच. घुमीने गाडीच्या चाकावर आणि त्याखालच्या रुळावर मिळून एकच उभी रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन रेघा झाल्या होत्या, मध्ये वीतभर अंतर. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंतर दोन विती आणि वर चार बोटं झालं.

"मिशी उगवली की उतरवतो," फटाका म्हणाला, पण त्याचा आवाज जरा उतरला होता. उतार होता कारशेडच्या दिशेने. हा रूळ थेट शेडमध्ये जात होता.

"बाकीच्या दोन गाड्यांच्या चाकांपुढे ठोकळे आहेत," घुमीने दाखवलं. "हिच्यापुढे नाहीत."

"चोर," शेपटी म्हणाली.

"लाकडाचे ठोकळे चोरून चोर काय करणार? चूल पेटवणार?"

चोर सापडायला फार हिंडावं लागलं नाही. शेडमध्ये एक चकचकीत नवी गाडी उभी होती. तिच्याखालच्या लांबलचक खड्ड्यात चार माणसं उभी राहून काम करत होती. आणि तिच्या चाकांना लावलेल्या ठोकळ्यांवर पिवळ्या रंगात जुन्या गाडीचा आकडा होता.

"मिस्त्रीकाका, हे आमच्या गाडीचे ठोकळे," फटाका म्हणाला.

"तुमची गाडी?" मिस्त्रीकाका हात पुसत हसले. "गेल्या आठवड्यात तिला जरा मागे ढकलली, तेव्हा काढले. इकडे कमी पडत होते, इकडे लावले. ती आता कुठे जातेय?"

"आणि हातब्रेक?"

"ते सोडल्याशिवाय ढकलणार कशी?"

"मग परत आवळलेत?"

मिस्त्रीकाकांनी डोकं खाजवलं. "शेवटच्या डब्याचा आवळला होता, बहुतेक. अरे, ते बघायला राखणदार आहे ना. दिवसातून तीनदा बघतो. काही असतं तर बोलला असता."

घुमी फाटकाच्या दिशेने, बाबांच्या खुर्चीकडे बघू लागली.

फटाका दोघींना घेऊन तडक कारशेडच्या साहेबांच्या खोलीत घुसला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, एक यादी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. "ही गाडी माझ्याकडे नाही. अठ्ठावीस तारखेला सेवेतून काढली. भंगारवाले नेतील तेव्हा त्यांच्या यादीत जाईल."

"मग आज ती कुणाच्या यादीत आहे?" शेपटीने विचारलं.

साहेबांनी यादी उलटी करून पाहिली. मागे कोरं होतं. "आज ती... उभी आहे."

"नाही ना उभी. सरकतेय."

"बाळ, राखणदाराची वही मी दर आठवड्याला तपासतो. सगळ्या फेऱ्या वेळच्या वेळी आहेत, सगळं ठीक आहे. जा, खेळा."

साडेबाराला घुमी बाबांचा डबा घेऊन फाटकाशी गेली. बाबा खुर्चीत बसून समोर बघत होते. मांडीवर वही उघडी होती. तिने डबा ठेवताना सहज वाचलं. सकाळी आठ, सर्व ठीक. दुपारी बारा, सर्व ठीक. दुपारी चार, सर्व ठीक.

तिने फाटकावरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराच झाले होते.

"बाबा, कडेची गाडी सरकतेय."

"रूळ तापतात," बाबा म्हणाले. "उन्हात तसं वाटतं." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही, गाडीकडेही नाही.

आपल्याला आता लाज वाटायला हवी, असं घुमीच्या मनात आलं. निदान राग तरी. तसलं काही आलंच नाही. एक गोष्ट मात्र तिला स्वच्छ दिसत होती. आरडाओरडा केला तर साहेब वही घेऊन बसतील आणि बाबांची ही खुर्चीही जाईल. गप्प बसावं तर ती गाडी एक दिवस शेडमध्ये घुसेल. यातून एकच वाट निघत होती. बाबांनी लिहिलेलं खरं करायचं.

चार वाजता तिने दोघांना चाकाजवळच्या रेघेपासून चांगलं दहा पावलं लांब उभं केलं. "इथून खुणेवर लक्ष ठेवा. मी आत जाऊन हातब्रेक आवळते."

"घुमी हुकूम सोडतेय," फटाका म्हणाला. "लिहून ठेवायला हवं कुठेतरी."

गाडीच्या मधोमध मोटरमनची एक छोटी खोली होती. भिंतीला हातब्रेकचं लोखंडी चाक होतं. ती लहान असताना बाबांनी तिला ते दाखवलं होतं आणि ते आवळायला आजवर एकदाही विसरलो नाही, अशी फुशारकीही मारली होती. घुमीने दोन्ही हातांनी चाक धरलं आणि जोर लावला. ते हललं, पण नखभर. तिने पुन्हा लावला. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून एक नवी गाडी धडधडत गेली. जुना डबा नेहमीसारखा थरथरला. नवी गाडी निघून गेली तरी थरथर थांबली नाही.

दिव्याचा खांब खिडकीतून मागे गेला. मग दुसरा गेला.

"खूण गेली! घुमे, गाडी निघाली!" बाहेरून फटाका ओरडला. त्याच्या तोंडाचा त्या दिवशी खरा उपयोग झाला. तो शेडकडे धावत सुटला आणि "खड्ड्यातून बाहेर या" असं तो इतक्या मोठ्यांदा ओरडला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेपटी पहिल्यांदाच त्याच्यामागे गेली नाही. ती फाटकाकडे धावली. "काका, घुमी आत आहे. गाडी चाललीय आणि घुमी आत आहे."

घुमी चाकाला लोंबकळली होती. गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता, पण ती आठ डब्यांची गाडी होती. आपण उडी मारू शकतो हे तिला कळत होतं. खड्ड्यात चार माणसं आहेत हेही कळत होतं. ती फिरवत राहिली.

मग खिडकीतून तिला बाबा दिसले. एका पायात चप्पल, एक पाय तसाच, खडीवरून धावत होते. त्यांनी दांडी पकडली, पायरीवर पाय टाकला आणि ते आत आले. त्यांचे हात तिच्या हातांवर बसले.

"उजवीकडे," ते म्हणाले. "हिसका नको देऊस. माझ्याबरोबर. एक. दोन."

असा आवाज तिने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. सात झाले, आठ झाले. नवव्याला खाली लोखंड किंचाळलं. अकराव्याला गाडी एक आचका देऊन थांबली. शेडचं दार वीस पावलांवर होतं आणि खड्ड्यातली चारही माणसं दाराबाहेर फटाक्याशेजारी उभी होती.

साहेब धापा टाकत आले. येताना वाटेत फाटकावरची वही उचलून आणली होती. त्यांनी पान उघडलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "चार वाजताची फेरी अगदी वेळेवर. हा माणूस जागा होता म्हणून आज चार जीव वाचले. मी वर कळवतो. शाबास." त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली.

घुमीने खाली पाहिलं. आता कुणी काही बोललं नाही की झालं. गप्प बसणं तर तिला चांगलंच जमत होतं.

"ती फेरी मी मारली नाही," बाबा म्हणाले. "ती मी बारा वाजताच लिहून ठेवली होती. अठरा दिवस झाले, मी खुर्चीतून उठलेलो नाही. आजची फेरी माझ्या मुलीने मारली."

साहेबांचा हात बाबांच्या पाठीवर तसाच राहिला. काय करावं हे त्या हातालाही समजेना.

"ठोकळे मी काढले होते," मिस्त्रीकाका मागून म्हणाले. "ब्रेकही मीच सैल ठेवले."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आणि ही पोरं मला सांगायला आली होती. मी त्यांना यादी दाखवली." मग ते तिघांकडे वळले. "आम्ही सगळे पगार घेतो या कामाचा. काम तुम्ही केलंत. तुमच्यामुळे आज ही चार माणसं घरी जातील. हे मी नुसतं तोंडाने म्हणत नाही, लिहून देईन."

"आता ही गाडी कुणाच्या यादीत आहे?" शेपटीने विचारलं.

"माझ्या," साहेब म्हणाले. मग बाबांना म्हणाले, "तुमचंही लिहावं लागेल. चौकशी होईल."

"लिहा," बाबा म्हणाले.

खड्ड्यातल्या चौघांनी फटाक्याशी हात मिळवले, शेपटीला खांद्यावर घेतलं, घुमीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळे तिचं कौतुक करत होते आणि ती दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय तसं ते ऐकत होती.

घरी जाताना फटाका आणि शेपटी पुढे गेली. ओरडून फटाक्याचा घसा बसला होता, तरी तो बोलतच होता. बाबा वाटेत थांबले.

"हात बघू."

तिने हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर मोठे फोड आले होते. एक फुटलाही होता.

"दुखतंय?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. मग तिने हातांकडे पाहिलं आणि तिला कळलं की दुखतंय. खूप दुखतंय, आणि नुसते हातच दुखत नाहीयेत.

"हो," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

बाबा तिथेच, रस्त्याच्या कडेला, तिच्यासमोर खाली बसले. तिचे हात त्यांनी अलगद आपल्या हातांत घेतले.

"मलाही," ते म्हणाले.