लाल ढिगातला काळा दगड

दादाची चादर आणि डबा कडुबामामांच्या गाडीत राहिला होता. ते आणायला मी बिडकीनला गयासभाईच्या पंक्चरच्या दुकानावर गेलो. एकवीस डिसेंबर, शनिवार, रात्री साडेनऊ. आई म्हणाली होती, "डबा घे अन् नीघ. बसू नको."

मी बसलो.

दादाला जाऊन तीन आठवडे झाले होते. देह मिळाला नाही. लोक म्हणतात, कृष्णा पिऊन समुद्रात पडला. त्या रात्री त्याच्या ट्रकमागं मामांचाच ट्रक होता. मला एवढंच विचारायचं होतं.

"मामा, दादा प्यालेला होता का?"

शेकोटीभोवती मामांसोबत गयासभाईचा पोरगा साकिब होता, शिवराज ड्रायव्हर होता.

"थेंबबी नव्हता," मामा म्हणाले. "पण पुढचं ऐकून झोप उडाली तर मला बोल लावू नको."

"झोप हायच कुठं, मामा?"

मामांनी शेकोटीत एक काटकी सारली.

"तीस नोव्हेंबर. शनिवार. अवस. कोकणातलं बंदर, गेटबाहेर दीडशे गाड्यांची लाईन. डाव्या अंगाला टेकडी. टेकडी कसली, अर्धीच. अर्धी कापून बंदरासाठी समुद्रात भराव घातलाय. तिथं एक कोळीण चहा विकती. तिनं मला मागून सांगितलं. आधी त्या टेकडीवर रातभर जाळ करायचे, होड्यांना वाट दिसावी म्हणून. मग तोफ आली. मग इंग्रज साहेबाचा दिवा आला, दीपस्तंभ. पण बायांचा दगडांचा ढीग ह्या सगळ्याच्या आधीचा."

"कसला ढीग?" शिवराजनं विचारलं.

"माणूस समुद्रावर निघाला की घरची बाई त्याच्या नावानं एक दगड ठेवायची. माणूस परतला की आपला दगड आपणच उचलायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाय."

"मतलब जो ढीग में रहे..." साकिब बोलता बोलता थांबला.

"न आलेले. टेकडीला सुरुंग लागायच्या आदल्या दिवशी बायांनी ते सगळे दगड पाटीत घालून, डोक्यावरून खाली आणले. रस्त्याच्या कडेला रचले. आम्हाला काय म्हाईत? तिथं उतार. किसनाचा, तुझ्या दादाचा, चाकाखाली लावायचा दगड मागं ढाब्यावर राहिलेला. त्यानं ढिगातला एक उचलला अन् टायरला लावला."

"आपण सगळेच लावतो की," शिवराज म्हणाला.

"लावतो. पण आपला दगड काळा. फुटत नाय. तिकडचा जांभा. लाल, विटंवानी. भरलेली गाडी वीतभर सरकली... चुरा झाला."

मामांनी बिडी काढली. पेटवली नाही.

"दोन वाजून दहा मिनिटांनी किसना माझ्या केबिनपाशी आला. म्हणला, मामा, एक म्हातारा काच वाजवतोय. म्हणतो, तू माझा दगड उचलला, म्हणून मी आलो... पण माझं गाव कुठंय? मी हसलो. म्हणलं, कुणी बिडी मागत असंल, दे एक. तर किसना म्हणतो, मामा, माझी खिडकी जमिनीपासून सात फूट. त्याचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं."

साकिबनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं.

"मी उतरलो. कुणी नव्हतं. काच बाहेरून ओली होती. किसनानं टायरखालचा चुरा ओंजळीत भरला. म्हणला, ज्याचा हाय त्याला देऊन येतो. मी म्हणलं, सकाळी दे. ऐकतो व्हय? तुझाच भाऊ."

"मग?"

"ढीग वीस पावलांवर. बॅटरीचा उजेड दिसत होता. उजेड ढिगापाशी थांबला... मग पुढं गेला. मी हाक मारली. उजेड टेकडी चढाया लागला. चढला. जिथवर टेकडी हाय, तिथवर चढला. अन् जिथून कापलीय..."

मामांनी हातातली बिडी मोडून शेकोटीत टाकली.

"...तिथूनबी वर चढतच होता."

"हवेत?"

"हवेत. मग इझला."

सकाळी कड्याखाली, पाण्याकाठी दादाची एक चप्पल मिळाली. तेवढीच.

"निघताना माझ्या गाडीचा दगड मी ढिगावर ठेवला," मामा म्हणाले. "इथला, बिडकीनचा. त्यावर पांढरा पट्टा किसनानंच मारलेला, अंधारात दिसावा म्हणून. त्याच्या नावानं ठेवला. लाल ढिगात काळा एकच. आलाच तर त्याला हुडकायला सोपा."

मी उठलो. त्यांना शिवी द्यावी वाटली. पायाही पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. डबा आणि चादर घेऊन निघालो.

पैठण रोडला आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रिक्षातून उतरलो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाराला पाच कमी होते. आमच्या खोलीत दिवा चालू.

आतून आई म्हणाली, "कोण आलं रं? आत्ताच मोठी गाडी थांबल्यासारखं वाटलं."

आमची गल्ली चार फुटांची. मोटारसायकलसुद्धा आडवी लावता येत नाही.

मी उंबऱ्याशी थांबलो.

पायरीवर दगड होता. काळा. वर पांढरा पट्टा. ओला. मी बोट लावलं. जिभेला लावलं.

खारट.

"कोण आलं?" आईनं परत विचारलं.

मी आत गेलो. दाराला कडी लावली नाही. अजूनही लावत नाही.