याना नदीवरचं टोचन

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. माझ्या डाव्या हाताची तीन बोटं नाहीत, ती काही मी गोष्ट रंगवायला कापून घेतलेली नाहीत.

तारीख होती अठरा जानेवारी. जागा, याकुतियातली याना नदी. हिवाळ्यात ती गोठली की आमचे ट्रक तिच्यावरूनच जातात. थंडी उणे चोपन्न होती. दुपारचे चार वाजलेले, म्हणजे आमच्याकडे मिट्ट काळोख.

गाडीत आम्ही दोघंच होतो, मी आणि माझे दाजी निकिफोर. उत्तरेकडच्या गावात पिठाची पोती उतरवून रिकामे परत चाललो होतो. गाडी दाजींची. मी आपला जोडीला.

निघताना माझी ताई, वार्वारा, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत फाटकापर्यंत आली होती. दाजी गाडीत चढल्यावर तिने मला बाजूला ओढलं.

"हा माणूस कशालाच घाबरत नाही, त्याचीच मला भीती वाटते," ती म्हणाली. "त्याच्या वाटचं तू घाबर. मला माझा नवरा परत आणून दे. ट्रकचं काय व्हायचं ते होऊ दे."

मी हो म्हणालो.

हिवाळ्यात आम्ही इंजिन बंद करत नाही. जेवताना नाही, झोपतानाही नाही. ऑक्टोबरात सुरू केलेली गाडी एप्रिलपर्यंत धडधडत राहते. कारण एकदा ती थंड पडली, की आतली माणसंही फार वेळ गरम राहत नाहीत.

त्या दिवशी डिझेलची नळी तडकली.

इंजिनाने दोन आचके दिले.

आणि... बंद.

"झालं! तोंड काय बघतोस, मेव्हण्या? उतर," दाजी म्हणाले. "रडायचं असेल तर इथेच रडून घे. बाहेर पापण्या चिकटतील."

"ती नळी तुम्ही मागच्या महिन्यात बदलणार होतात."

"बदलणारच होतो. तुझ्या बहिणीने मला पडदे लावायला बसवलं."

नळी बदलेपर्यंत इंजिन गार झालं होतं. मग आम्ही जुन्या टायरचे तुकडे पत्र्याच्या टोपात पेटवून इंजिनाच्या खाली सरकवले. मी बर्फात उताणा पडून ब्लो लॅम्पने ऑइलचं चेंबर तापवत होतो. दाजी चाकांच्या दांड्यांवर आग धरत होते, कारण आतलं ग्रीस दगड झालं होतं. चाकं फिरली नसती.

हळूहळू ऑइल पातळ झालं. पण बॅटरी मेली होती. सेल्फ मारला की नुसतं टक्... आणि गप्प.

आता एकच इलाज उरला होता. टोचन. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढायचं, आपण गिअर टाकून क्लच सोडायचा, की इंजिन पकडतं. इंजिन पकडलं की मागच्याने हॉर्न द्यायचा आणि पुढच्याने थांबायचं.

पण ओढणार कोण? दिवसभरात एकही गाडी भेटली नव्हती. ब्लो लॅम्पमधलं रॉकेल तळाला गेलं होतं. मला पायांची बोटं जाणवेनाशी झाली. दाजींची थट्टाही थांबली होती. ते गप्प झाले आणि मी खरा घाबरलो.

तेवढ्यात मागून... दिवे दिसले.

मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखा हात हलवत नाचलो.

ट्रक आला. आम्हाला वळसा घालून पुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागच्या हुकाला तारेचा जाड दोर आधीच लावलेला होता. त्याचं दुसरं टोक बर्फावर, बरोबर आमच्या बंपरसमोर येऊन पडलं.

आवाज मात्र...

आवाज काहीच आला नाही.

आमच्याकडे मदतीला थांबलेला माणूस आधी खाली उतरतो. तुमच्या थर्मासमधला चहा घेतो. कुठून आलास, कुणाचा तू, असं बोलणं होतं. मगच दोर. हे कुणी शिकवत नाही, सगळे तसंच करतात.

हा उतरला नाही.

"थांबा, मी चहा देऊन येतो," मी म्हणालो.

"चहा नंतर!" दाजींनी दोर उचलून आमच्या पुढच्या हुकात अडकवलासुद्धा. "तो घाईत असेल. तुझा चहा प्यायला कोण थांबेल?"

तरी मी थर्मास घेऊन पुढे गेलो. दाराच्या फटीत बोटभर बर्फ साचला होता. ते दार आज उघडलेलं नव्हतं. काच आतून पांढरी झाली होती.

मग याला रस्ता दिसतो कसा?

मी सायलेन्सरकडे पाहिलं. उणे चोपन्नला चालू गाडीच्या मागे धुराचा ढग उभा राहतो, माणूस त्यात हरवेल एवढा.

इथे धूर नव्हता.

मी पळत परत आलो. "दाजी, दोर काढा! त्याची गाडी चालू नाहीये!"

"चालू नाही तर आली कशी? ढकलत?" दाजी हसले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले.

दोर ताणला गेला.

आमची गाडी हलली. मी पायरीवर उडी मारली. दाजींनी क्लच सोडला. इंजिन खोकलं, दोनदा थरथरलं... आणि पकडलं! काळा धूर भसकन बाहेर पडला. दाजींनी आनंदाने लांबलचक हॉर्न दिला.

पुढचा ट्रक थांबला नाही.

दाजींनी पुन्हा हॉर्न दिला. मग दाबूनच धरला.

तो थांबेना. उलट डावीकडे वळला. तिथे रस्त्याच्या कडेने खुणेचे खांब रोवलेले असतात. त्यांच्या पलीकडे बर्फ पातळ असतो, खाली जिवंत पाणी वाहत असतं. एक खांब आमच्या बंपरखाली कडाडून मोडला.

"ब्रेक!" मी ओरडलो.

"दाबलाय!"

चाकं जाम झाली होती आणि तरी गाडी फरफटत चालली होती.

"उडी मारा दाजी! मरू दे गाडी!"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"हात सुटत नाहीत," ते म्हणाले.

मी दार उघडून आत वाकलो. त्यांची बोटं स्टिअरिंगला चिकटली होती. मी ओढली, पिरगाळली. मग चाकं खोलायची लोखंडी टॉमी घेऊन त्यांच्याच मनगटावर हाणली. दाजी गुरासारखे ओरडले. कातडं फाटलं, रक्त आलं आणि जागेवरच गोठलं. हात सुटले नाहीत.

"वार्वाराला सांग..." ते बोलायला लागले.

"गप्प बसा! तुम्हीच सांगा तिला!"

मी सीटमागची कुऱ्हाड घेतली आणि खाली उडी मारली. दोरावर घाव घातला. आमच्या थंडीत लोखंड काचेसारखं फुटतं, लहान पोरालाही हे ठाऊक असतं. पण दोराला चरासुद्धा पडला नाही. कुऱ्हाडीचं पातंच तुटून उडालं.

माझं डोकं फिरलं. मी धावत पुढच्या ट्रकच्या पायरीवर चढलो आणि दांड्याने काच फोडली.

आत एक माणूस बसला होता. आमच्यातलाच, साधारण माझ्या वयाचा. टोपीवर, भुवयांवर, ओठांवर बर्फ. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"थांबव!" मी त्याच्या खांद्यावर दांडा घातला. लाकडावर लाकूड आपटावं तसा आवाज झाला. दुसरा फटका गालावर बसला. गालाचा तुकडा निघाला. रक्त नाही. मी मारतच राहिलो. त्याचा जीव घ्यायचाच म्हणून मारत होतो, खोटं कशाला सांगू?

तेव्हा त्याने मान वळवली.

"मी पण हॉर्न दिला होता," तो म्हणाला.

त्याच्या ट्रकचं इंजिन बंद होतं. काटे सगळे शून्यावर होते. मी फुटक्या काचेतून पुढे पाहिलं...

त्याच्या बंपरलाही एक दोर होता.

त्या दोरापुढे आणखी एक ट्रक होता. त्याच्या पुढे आणखी एक. कुणाचाच धूर नाही, आवाज नाही. सगळ्यांत पुढचे दिवे बर्फाच्या पातळीखाली गेलेले दिसत होते. पाण्यातून हिरवट उजेड वर येत होता.

मी खाली पडलो की उडी मारली, आठवत नाही. पायाखाली बर्फ करकरत होता. मागे दाजींचा हॉर्न चालूच होता.

मग मला एकदम सुचलं. त्यांचा दोर तुटत नाही. पण आमचा हुक? तो तर आमचा, साधा लोखंडी हुक!

मी मागे धावलो आणि आमच्या गाडीच्या पायरीखालच्या पेटीतून घण काढला. चालत्या गाडीच्या बंपरवर चढलो, डाव्या हाताने जाळी धरली आणि उजव्या हाताने हुकावर घण घातला. एकदा. दोनदा. घण निसटायला लागला म्हणून जाळी सोडून दोन्ही हातांनी धरला आणि शेवटचा घाव घातला.

हुक फुटला.

सुटलेल्या दोराने जाताना माझ्या डाव्या हाताला झटका दिला. दुखलं नाही. नुसतं हलकं वाटलं. हातमोजा गेला होता, आणि त्याच्यात माझी तीन बोटं.

आमची गाडी कचकन थांबली. पुढचा ट्रक काळोखात शिरला. मी कान देऊन ऐकत राहिलो. पाण्याचा एक थेंबही वाजला नाही.

गाडीत दाजी बसले होते. हात सुटले होते, पण तळव्यांचं कातडं स्टिअरिंगवरच राहिलं होतं. मी माझा हात पट्ट्याने आवळला, त्यांना बाजूला सरकवलं आणि गाडी मागे घेतली.

दाजींची म्हातारी आत्या हे ऐकून म्हणाली, "त्या दिवसांत नदीतली माणसं बिऱ्हाडासकट वर येतात. एकोणीस जानेवारीला पाद्री नदीचं पाणी पवित्र करतो, ती तारीख उजाडायच्या आत परत जातात. एकटी जात नाहीत." मला असल्या गोष्टी पटत नाहीत. मी तिला तोंडावर तसं सांगितलं. पण आमच्यानंतर आठवडाभराने त्या रस्त्यावरून गेलेल्या लोकांना तिथे एका गाडीच्या चाकांच्या खुणा दिसल्या.

एकाच. आमच्या.

मार्चमध्ये ताईला मुलगी झाली. दाजींनी तिला गाडीच्या खिडकीतून पाहिलं. हो, गाडीतूनच. घरी आल्यापासून ते गाडीतच झोपायचे, इंजिन चालू ठेवून. एप्रिल आला, सगळ्यांनी गाड्या बंद केल्या. दाजींनी केली नाही.

"मी नवरा मागितला होता," ताई मला म्हणाली. "तू ट्रक आणून दिलास."

मला इतकं लागलं की मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

जुलैत एका सकाळी डिझेल संपलं.

मी पोचलो तेव्हा अंगणात शांतता होती. कडक ऊन पडलं होतं, डास घोंघावत होते. आणि दाजी फरचा कोट, टोपी, मोजे घालून स्टिअरिंगवर बसले होते. पाय क्लचवर. गाडी गिअरमध्ये.

"दाजी, उतरा. उन्हाळा आहे."

"थांबेल कुणीतरी," ते समजुतीने म्हणाले. "बंद पडलेल्याला इथे कुणी सोडून जात नाही."

"नाटकं पुरे झाली तुमची!" ताई पोरीला कडेवर घेऊन तावातावाने घरातून निघाली. गाडीच्या पुढून वळून ती दाराकडे यायला लागली...

आणि अडखळली.

मोकळ्या जमिनीवर. तिथे दगड नव्हता, काही नव्हतं. पोर माझ्या हातात देऊन ती उभी राहिली, आणि तिने गुडघ्याच्या उंचीवर हवेत हात घातला.

ती किंचाळली. हात मागे घेतला तेव्हा तळव्यावर आडवा पांढरा पट्टा उमटला होता. थंडीत उघड्या हाताने लोखंड धरलं की उमटतो तसा. जुलै महिन्यात.

गाडीचे टायर किंचित करकरले.

मी पोर तिच्या हातात कोंबली आणि शेजाऱ्याकडून डिझेलचे दोन कॅन उचलून आणले, विचारलंसुद्धा नाही. टाकीत ओतलं. दाजींना ढकलून किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. ताईने घाबरत घाबरत पुन्हा तिथे हात फिरवला. काही लागलं नाही.

तेव्हापासून ताई मला काही म्हणत नाही. डिझेल आता मीच आणतो. परवा पहिला बर्फ पडला. डिझेलचं पिंप अर्ध्यावर आलंय. रोज संध्याकाळी मी त्यात काठी घालून बघतो.