केसभर फट

काळी पेटी टेबलावर ठेवून बाई म्हणाली, "माझा आवाज कुणीतरी चोरलाय."

भाऊजींनी लगबगीने पाण्याचा पेला पुढे केला. "कोमट करून देऊ का? घसा बसला की कोमटच बरं."

"भाऊजी, त्या चांगल्या ठणठणीत बोलताहेत," मेव्हणीबाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

भाऊजी बसले. निवृत्त झाल्यावर ते घरात इतकी लुडबुड करायला लागले, की बायकोने त्यांना आपल्या धाकट्या बहिणीच्या खासगी तपासाच्या धंद्यात ढकलून दिलं होतं. तेव्हापासून अख्खं गाव या जोडीला भाऊजी आणि मेव्हणीबाई म्हणूनच ओळखत असे.

बाईने पेटी उघडली. आत सॅक्सोफोन होता. "आज दुपारी वाद्यवृंदाची निवड आहे. जागा एकच. काल दुपारपर्यंत हा लोण्यासारखा वाजत होता, आणि आज हे ऐका."

तिने फुंकलं. आधी नुसती फुसफुस, मग एकदम भोंगा. भाऊजी दचकले.

"नवरा म्हणतो, तू धास्ती घेतलीयस. मलाही आता वाटतंय, की मला कधी येतच नव्हतं. काय झालंय ते कळलं नाही तर मी जाणारच नाही. उगाच चारचौघांत शोभा कशाला?" तिचे डोळे भरून आले.

"तोंडात धरता तो भाग दाखवा," मेव्हणीबाई म्हणाल्या.

"हा माउथपीस. कडक काळ्या रबराचा. खाली ही वेताची पातळ पट्टी, रीड. फुंकलं की ती थरथरते. सूर इथेच जन्मतो, बाकीचं पितळ तो नुसता मोठा करतं. धातूचे माउथपीस खणखणीत वाजतात, पण मला गोड, हळुवार सूर हवा होता. हा एक निवडायला मी कितीतरी दुकानं पालथी घातली."

माउथपीसच्या पाठीवर दात टेकवायला रबराचा छोटा तुकडा चिकटवलेला होता. त्यावर दातांचे दोन खळगे. मेव्हणीबाईंनी भिंग लावलं. "खळगे तुमच्याच दातांचे?"

"हो, म्हणजे माउथपीस माझाच."

"तुकडा तुमचा. पण त्याची कड सुटलीय आणि खाली धूळ अडकलीय. कुणीतरी तो उचकटून पुन्हा लावलाय. कालपासून पेटी कुठे कुठे होती?"

"काल हॉलवर तालीम होती. माझं वाजवून झालं होतं, चहाच्या सुट्टीत पेटी उघडीच राहिली. तिथे फुग्या होता, माझ्याच जागेसाठी बसलेला. आणि माझे मास्तर होते. येताना एक कळ दुरुस्त करायला पेटी दुरुस्तीवाल्याकडे टाकली, संध्याकाळी घेऊन घरी आले. सकाळी उघडली तर ही तऱ्हा."

माउथपीस रुमालात बांधून मेव्हणीबाई उठल्या.

दुरुस्तीवाल्याने माउथपीसच्या टोकात एक पातळ पत्रा सरकवला आणि भुवया उंचावल्या. "हा तिचा नव्हेच! तिचा मी स्वतः घासून दिलाय. हा त्याचा जुळा भाऊ. फक्त रीडच्या आणि याच्या टोकांमधली फट केसभर जास्त."

"केसभराने काय होतंय?" भाऊजी म्हणाले.

"काय होतंय? फट मोठी तर आवाज मोठा. पण दम जास्त लागतो आणि रीड मऊ, म्हणजे कमी नंबरची लावावी लागते. कडक लावलीत की फुसफुस. माल मात्र अव्वल आहे हो, महागातला."

"काल तुमच्या लक्षात नाही आलं?"

"मी कळ बसवली आणि माझा माउथपीस लावून वाजवून बघितलं. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू मी तोंडात घालत नाही."

फुग्या घरी सराव करत होता. गाल टम्म फुगलेले, तोंडात चकचकीत धातूचा माउथपीस, आणि आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

"ती येतेय ना?" त्याने पहिल्यांदा हेच विचारलं. "नाही आली आणि मला जागा मिळाली, तर लोक म्हणतील, मोकळ्या मैदानात पळून पहिला आला."

"आज त्यांनी कोणती रीड लावावी?" मेव्हणीबाईंनी सहज विचारलं.

"कोणती म्हणजे? तीन नंबरची. बाई जन्मात दुसरी लावत नाही."

बाहेर पडल्यावर भाऊजी कुजबुजले, "फार गोड बोलतोय. हाच तो!"

"भाऊजी, तुम्हाला गोड बोलणारा प्रत्येक माणूस चोर वाटतो. घरी तशी सवय नाही ना!"

मास्तरांनी दोघांचं दणदणीत आवाजात स्वागत केलं, चहासाठी किटली गॅसवर चढवली आणि समोर येऊन बसले.

"ती जरा धास्तावलीय," मेव्हणीबाईंनी एवढंच सांगितलं.

"धास्तावणारच! काल मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसून ऐकलं. फुग्याचा सूर न् सूर पोचत होता. पोरीचा निम्मा वाटेतच विरला. वरच्या पट्टीतलं तर काहीच आलं नाही."

आत किटलीने शिट्टी धरली. मास्तर बोलतच होते. शिट्टी थांबेना, मास्तरही थांबेनात. म्हातारा गप्पांत रंगलाय असं समजून शेवटी भाऊजीच उठले आणि त्यांनी गॅस बंद केला.

"अरेच्चा, उकळलं वाटतं?" मास्तर म्हणाले.

"आज त्यांनी रीड कोणती लावावी?"

"अडीचची लाव म्हणावं. तिनाची कडक पडेल."

चहा घोटभर पिऊन मेव्हणीबाई उठल्या. त्यांची चाल एकदम झपझप झाली. भाऊजींना तेवढ्यावरून कळलं, की चोर सापडला. कोण, ते मात्र काही केल्या उमगेना.

दुपारी रंगमंचामागच्या खोलीत सगळे जमले. बाई पेटी छातीशी धरून कोपऱ्यात उभी होती.

"माउथपीस बदललाय," मेव्हणीबाई सुरू झाल्या. "कुणी? फुग्याने? याला घातच करायचा असता तर रीडला एक नख मारलं की काम झालं. महागाचा माउथपीस कोण वाया घालवेल? दुरुस्तीवाल्याने? तो तर स्वतःच म्हणाला, हा तिचा नव्हे. चोर आपल्या हाताने पुरावा देत नाही. मग दातांचा जुना तुकडा अलगद काढून नव्यावर कुणी लावला? तोंडाला परकं वाटू नये, एवढी काळजी कोण घेतं?"

मेव्हणीबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली.

"शत्रू घेत नाही. हे मायेच्या माणसाचं काम. आणि बाई जन्मभर तीनची रीड लावतात, हे सगळ्यांना ठाऊक. आज मऊ रीड लागणार, हे फट मोठी झालीय हे माहीत असलेल्यालाच सुचेल. मी नुसतं 'धास्तावलीय' म्हटलं आणि तुम्ही अडीचची सांगितलीत, मास्तर."

मास्तरांनी खिशातून रुमाल काढला. आत जुना माउथपीस होता, आणि अडीचच्या रीडचं कोरं पाकीट. "हे पाकीट आत्ता देणारच होतो. पोरी, तुझा आवाज शेवटच्या रांगेत पोचत नाही. मोठी फट घे म्हणून वर्षभर कानीकपाळी ओरडतोय, तू ऐकशील तर शपथ! दिसायला तसाच शोधून आणला, हाताने लावला. तुझं भलं व्हावं म्हणून..."

"मास्तर, मला वाटलं मला वाजवताच येत नाही," बाई म्हणाली. मास्तर कोसळल्यासारखे खुर्चीत बसले.

मेव्हणीबाई त्यांच्या मागे गेल्या आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा हलकेच खुळखुळवला. सगळ्यांनी वळून पाहिलं. मास्तरांनी नाही.

भाऊजींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "किटली!"

"हो, किटली." मेव्हणीबाई मास्तरांसमोर येऊन खाली बसल्या. "मास्तर, तिचा सूर पोचतो. बारीक आवाज तुमच्या कानांतून निसटायला लागलेत. हे वयाचं देणं आहे, त्यात तुमचा काही गुन्हा नाही."

"आणि हे खोटं निघालं तर?" मास्तरांनी विचारलं.

"पडताळा आत्ताच, निवडीतच घेऊ. भाऊजी, शेवटच्या रांगेत जा. तिचा सूर कानावर येतोय तोवर हात वर. तुटला की खाली."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊजींना जबाबदारीचं काम मिळालं होतं. ते हॉलच्या अगदी टोकाला, भिंतीला पाठ लावून बसले. मास्तर पहिल्या रांगेत, पण रंगमंचाकडे पाठ करून.

फुग्याचं वाजवून झाल्यावर बाईची पाळी आली. तिने जुना माउथपीस लावला, तीनची रीड बसवली आणि डोळे मिटले. पहिला सूर इतका हळू निघाला, की परीक्षक पुढे झुकले. भाऊजींचा हात वर गेला.

सूर चढला, वळला, बारीक होत होत अगदी धाग्याएवढा उरला. हात वरच. मास्तर टक लावून त्या हाताकडे बघत होते. भाऊजींचा खांदा भरून आला, तसं त्यांनी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला, पण हात काही खाली घेतला नाही. मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते त्या हाताला मान डोलावत दाद देत होते.

शेवटचा सूर संपला. परीक्षकांनी आपसात एकदा पाहिलं, आणि निकालासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही असं त्यांच्यातल्या थोरल्याने तिथेच जाहीर केलं. जागा बाईची! सगळ्यांत मोठी टाळी फुग्याची पडली. मास्तर धडपडत रंगमंचावर चढले आणि पोरीला त्यांनी पोटाशी धरलं.

मेव्हणीबाई हसत हसत शेवटच्या रांगेपाशी आल्या. "भाऊजी, झालं! जिंकली ती. हात खाली घ्या आता."

"घेतो हो," भाऊजी डोळे पुसत म्हणाले. "पण आखडलाय मेला, खाली येईल तर ना!"