लाल ठिपक्याकडे बघा

चष्मा नाकावरून घसरला, पायरीवर आपटला आणि पुढच्याच क्षणी तिच्याच बुटाखाली आला. कर्र... असा आवाज झाला. तो कशाचा, हे कळायला डोळे लागत नाहीत.

समोरचा रस्ता विरघळून गेला. माणसं म्हणजे रंगांचे हलते पट्टे, दुकानांच्या पाट्या म्हणजे पिवळे-हिरवे ढग. अशा वेळी शहाण्या माणसानं भिंत धरून उभं राहावं. ती मात्र जवळ आलेल्या एका निळ्या पट्ट्याला म्हणाली, "अहो, जरा ऐकता का? इथं जवळपास चष्म्याचं दुकान आहे का हो?"

"आहे की," निळा पट्टा म्हणाला. आवाज बरा होता, घाई नसलेला. "पण अजून उघडलेलं नाही."

"कधी उघडेल?"

"मी पोचलो की."

"मग पोचा ना लवकर!"

"पोचलो असतो. पण तुम्ही त्याच दुकानाच्या पायरीवर उभ्या आहात."

ती इतकी खळखळून हसली की रस्त्यावरचे दोन-तीन पट्टे वळून तिच्याकडे बघू लागले.

दुकान चिंचोळं होतं. दोन्ही भिंतींवर फ्रेमांच्या रांगा, मध्ये काचेचं कपाट, आणि मागे काळ्या पडद्याआड डोळे तपासायची खोली. दुकान त्याच्या काकांचं. ते दुपारी यायचे. सकाळी तो एकटाच असायचा. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, तिच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच घालून बघायला सुरुवात केली.

"आता बरं दिसतंय, की मगाचं बरं होतं?"

"मगाचं म्हणजे कुठलं?"

"आताच्या आधीचं."

"ते आता आठवत नाही. परत दाखवा."

त्यानं परत दाखवलं. न कंटाळता दाखवलं.

"काम काय करता तुम्ही?" काच बदलता बदलता त्यानं विचारलं.

"सर्वेअर आहे. जमिनीची मोजणी करते. दुर्बिणीतून लांबची खूण धरायची आणि अंतर काढायचं."

"म्हणजे लांबचं बघणं हाच तुमचा व्यवसाय."

"आणि आता तर फारच लांबचं. पंधरवड्यानं ऑस्ट्रेलियाला चाललेय. नोकरी लागलीय तिकडे."

काच धरलेला हात हवेत जरासा थांबला. "इथं काय कमी होतं?" त्यानं विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणून तीही खरं बोलली.

"इथं मी सूर्य उगवायच्या आधी साइटवर निघते, दिवे लागल्यावर घर गाठते आणि रविवार झोपेत जातो. तिथं संध्याकाळी काम संपतं म्हणे. म्हणजे खरोखर संपतं. आणि मला अंगण असलेलं घर हवंय... हसू नका."

"हसत नाही. मला या दुकानाला दुसरी खिडकी हवीय. काका बसवू देत नाहीत. अंगण मागणाऱ्याला मी कशाला हसू?"

मग मापाची वेळ आली. माप म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. काचेचा मध्य बरोबर बुबुळासमोर यावा लागतो, नाहीतर चष्मा कितीही महाग असला तरी फुकट. हे माप घ्यायला दुकानात यंत्र होतं, पण काकांचा यंत्रावर विश्वास नव्हता. त्यांनी ते फडक्यानं झाकून ठेवलं होतं. माप घ्यायचं ते पट्टीनं आणि स्वतःच्या डोळ्यानं, असा या दुकानाचा नियम.

त्यानं चाचणीची फ्रेम काढून घेतली, तिच्या समोर स्टूल ओढलं आणि पट्टी तिच्या नाकावर आडवी धरली.

"माझ्या खांद्यावरून मागे बघा. भिंतीवर लाल ठिपका आहे. त्याच्याकडेच बघायचं."

तिनं बघितलं. भिंत म्हणजे दुधाळ धुकं होतं. त्यात ठिपका असेलही, नसेलही. तिला लांबचं दिसत नसे. जवळचं मात्र दिसायचं... आणि त्या घटकेला सगळ्या जगात जवळ असं एकच काही होतं. तो चेहरा. डाव्या भुवईत केस न उगवलेली एक बारीक रेघ. गालावर गळून पडलेली एक पापणी. ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं काहीतरी, ते हसू असावं. सकाळपासून नुसता आवाज असलेल्या माणसाला पहिल्यांदाच चेहरा आला होता.

"ठिपका दिसतोय ना?"

"दिसतोय," ती म्हणाली.

त्यालाही माप घ्यायला जरा जास्तच वेळ लागतोय, असं तिला वाटलं. पण वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

चष्मा तयार होईपर्यंत तिनं घरचा जुना चष्मा चढवला. घर मावशीचं. आईच्या पाठची ही बहीण एकटी राहायची, आणि नोकरीसाठी या शहरात आल्यापासून भाची तिच्याकडेच होती. जुन्या चष्म्याचा नंबर कमी होता, पण काम भागत होतं. फक्त त्याचा स्क्रू सारखा ढिला व्हायचा. आज स्क्रू, उद्या नाकावरची गादी, परवा परत स्क्रू.

"चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय की तुझा?" मावशीनं शेवटी विचारलंच.

"चष्म्याचा गं, मावशी!"

"बरं बरं. मी आपलं विचारलं. दुर्बीण लावून गावं मोजणारी पोरगी तू, तुला घरातला स्क्रू ड्रायव्हर सापडत नाही, म्हणून म्हटलं."

दुकानात तो स्क्रू पिळायचा आणि ती काचेच्या कपाटावर कोपर टेकून उभी राहायची. बोलणं कुठूनही कुठं जायचं. महिनाअखेर काका दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हाती देणार होते. मग तो झाकलेलं यंत्र उघडणार होता, खिडकी बसवणार होता. सांगताना त्याचे कान लाल व्हायचे. ती तिकडच्या रुंद रस्त्यांचं, मैलोन् मैल मोकळ्या जमिनीचं सांगायची.

"तिथं चष्मा फुटला तर काय कराल?" एकदा त्यानं विचारलं.

"एखाद्या निळ्या पट्ट्याला हाक मारीन."

"आणि तो हिरवा निघाला तर?"

"मग... नको म्हणेन." हे बोलून झाल्यावर तिला उगीचच फ्रेमांच्या किमतींत फार रस वाटू लागला.

नवा चष्मा आला. तिनं तो लावला, आरशात बघितलं, "छान आहे," म्हणाली आणि घरी आली. संध्याकाळपासून डोकं ठणकायला लागलं. जमीन कुणीतरी आत ओढून घेतल्यासारखी वाटायची, पायऱ्या उतरताना पाऊल अडखळायचं. जायचे दिवस जवळ आले म्हणून असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. जायची ओढ होती. आणि जाऊच नये, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, हे तिला या आधी कधी मोजावं लागलं नव्हतं.

मावशीला असल्या समजुती चालत नसत. दुसऱ्या दिवशी तिनं भाचीचा दंड धरला आणि दुपारी थेट काकांसमोर नेऊन उभं केलं. "परदेशी जाणारी पोर आहे. तिथं हिनं काय, डोकं धरून जमीन मोजायची?"

काकांनी तिला लाल ठिपक्याकडे बघायला लावलं. जुना चष्मा डोळ्यांवर असल्यानं या वेळी तिला ठिपका दिसला. चांगला ठसठशीत होता. पट्टी लावून काकांनी नवा चष्मा मोजला, परत तिचे डोळे मोजले, आणि पट्टी हळूच कपाटावर ठेवली.

"लांबच्या चष्म्याला जवळचं माप लागलंय," ते म्हणाले. "जवळ बघताना बुबुळं आत वळतात, अंतर कमी भरतं. शिकाऊ पोरगासुद्धा अशी चूक करत नाही. बापू, किल्ल्या तुला द्यायच्या म्हणतो मी, आणि तू साधं माप चुकतोस?"

"माझीच चूक आहे, काका," तो म्हणाला. तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही.

"मग किल्ल्यांचं पुढच्या वर्षी बघू. चष्मा नवा करून दे यांना. पैसे घ्यायचे नाहीत."

झालं. काम संपलं. मावशी पायऱ्या उतरली, तीही उतरली. आणि खालच्या पायरीवर तिच्या मनात एक विचार आला. आपण गप्पच राहिलो तर? त्याला दुकान मिळणार नाही. दुकान नसलेला माणूस मोकळा असतो. मोकळा माणूस कुठंही जाऊ शकतो... ऑस्ट्रेलियालासुद्धा. तिकडे काय लोकांना चष्मे लागत नाहीत?

विचार गोड होता. इतका गोड, की तिला स्वतःचीच लाज वाटली. खिडकीचं सांगताना लाल होणारे त्याचे कान तिला दिसले, आणि ती वळली.

"अगं, कुठं?" मावशी ओरडली.

"काका," दारातच ती म्हणाली, "चूक यांची नाही. मी ठिपक्याकडे बघत नव्हते."

"मग कुठं बघत होतात?"

दुकानातला पंखा फिरत होता. मागोमाग आलेल्या मावशीनं पर्सचं बटण एकदा उघडलं आणि एकदा बंद केलं.

"यांच्याकडे."

"यांच्याकडे म्हणजे नेमकं कुठं? नाकाकडे, की डोळ्यांकडे?" काका धंद्याचे पक्के होते.

"सगळीकडेच," ती म्हणाली.

"अगं बाई!" मावशी स्टुलावर बसली.

काका पुतण्याकडे वळले. तो पट्टीकडे बघत उभा होता. "मला दिसलं होतं," तो हळूच म्हणाला. "बुबुळं आत वळलेली समोरच्याला दिसतात. मी सांगायला हवं होतं, की इकडे नको, ठिपक्याकडे बघा. नाही सांगितलं."

"का नाही सांगितलं?"

"बरं वाटत होतं..."

काकांनी स्वतःचा चष्मा काढला. बराच वेळ पुसला. इतका वेळ पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"म्हणजे हात चुकला नाही," ते शेवटी म्हणाले. "हाताची चूक सुधारत नाही. ही सुधारेल. किल्ल्या महिनाअखेरच मिळतील. पण हिचं माप आता मीच घेणार. तू पडद्याबाहेर जाऊन उभा राहा."

"बाहेर कशाला, चांगला रस्त्यावरच उभा करा," मावशी म्हणाली, पण आवाजात राग काही तिला आणता आला नाही.

माप झालं. मावशी दोघांच्या बरीच पुढे चालू लागली. एरवी गुडघे दुखतात म्हणणारी बाई त्या दिवशी एकदम तरुण झाली होती. तो तिच्या भाचीला थांब्यापर्यंत सोडायला आला होता. संध्याकाळचं ऊन रस्त्यावर तिरपं पडलं होतं, आणि दोघांच्या सावल्या त्यांच्या आधीच एकमेकींत मिसळल्या होत्या.

"आता तुम्ही दुकानाला बांधले गेलात," ती म्हणाली. "मीच बांधलं."

"तुम्ही नसतं सांगितलं, तर मी या वर्षीही काकांच्या हाताखालीच राहिलो असतो."

"मला वाटलं होतं, न सांगता निघून जावं. म्हणजे तुम्ही... मोकळे राहाल."

तो चालता चालता थांबला. "हेही सांगताय?"

"आज सगळंच सांगायचा दिवस दिसतोय."

तो हसला. मग गंभीर झाला. "मी तुम्हाला थांबा म्हणणार नाही. संध्याकाळी काम संपणारी नोकरी तुम्हाला मिळायलाच हवी."

"मीही तुम्हाला चला म्हणणार नाही. खिडकी बसवा तुम्ही."

"मग आता काय म्हणायचं?"

बस येताना दिसली. जुन्या चष्म्यातून अंधुकच. त्यानं तिच्यासाठी नंबर वाचला. तिचीच होती.

"काकांच्या राज्यात रजा नावाचा प्रकार नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "मी कधी चार दिवस सलग कुठं गेलो नाही. पण आता मालक मीच. मालकाला रजा कोण नाकारणार? डिसेंबरात दुकान बंद ठेवीन. येऊ?"

पायदानावर पाय ठेवून ती वळली. मागचे लोक खोळंबले होते, ड्रायव्हर कुरकुरत होता.

"या," ती म्हणाली.

डिसेंबर आला. तोवर बोलणं रोज व्हायचं, पण फोनवर बोलणं आणि विमानतळाच्या दाराशी उभं राहून माणसांच्या लोंढ्यात एकच माणूस शोधणं, यांत फरक आहे. नवा चष्मा लावून ती कठड्याला अगदी चिकटून उभी होती. दार उघडायचं, मिटायचं. उघडायचं, मिटायचं.

आणि तो आला. अंगात जाडजूड लोकरी स्वेटर, गळ्याला मफलर, कपाळावरून घामाच्या धारा. सामानाची गाडी भलतीकडेच वळत होती. भोवतालचे सगळे लोक अर्ध्या बाह्यांत.

"इथं डिसेंबरात उन्हाळा असतो, हे सांगायचं नाही होय?" जवळ येऊन तो धापा टाकत म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायचं भलतंच होतं डोक्यात. प्रवासभर पाठ करत आलोय. आत्ता विचारू, की..."

"आधी तो स्वेटर काढ," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली, आणि दोघांनाही ते मागाहून कळलं. "काढ, नाहीतर घेरी येऊन पडशील. मग 'हो' कोणाला म्हणू मी?"

स्वेटर डोक्यातून काढता काढता तो मध्येच थांबला. लोकरीच्या आतून, दबका, हसरा आवाज आला,

"परत एकदा म्हण."