सातवी खुंटी

फोटो काढायला निघालीस ना? बस जरा. चहा घे, पुदिना घातलाय. स्टुडिओ काही पळून जात नाही. कारखान्यातल्या वग्दीसाहेबाने सांगितलं असेल, बाळाचा एक फोटो आण, एक झगा आण, पाळणाघरात नाव घालतो. मलाही असंच सांगितलं होतं, आणि मीही अशीच खुशीत नूरहानला कडेवर घेऊन त्याच स्टुडिओत गेले होते. दोन वर्षांची होती. फोटोवाल्याने चाव्या वाजवून दाखवल्या, तोंडं वेडीवाकडी केली, पण पोरगी ढिम्म हसेना.

मी तेव्हा त्याच कारखान्यात आठ ते चार शर्टांना कॉलर लावायचे. कायदा तुला माहीत आहे, एका ठिकाणी शंभर बायका झाल्या की मालकाने पाळणाघर द्यायचं. म्हणून आम्ही कित्येक वर्षं नव्याण्णवच होतो. शंभरावी यायची वेळ आली की एखाद्या जुन्या बाईचं पोट दिसायला लागायचं आणि तिला घरी बसवायचे. मग परदेशातलं मोठं काम आलं, मशिनी वाढल्या, बायका वाढल्या, आणि जिन्याखालच्या कोठारात एकदाचं पाळणाघर झालं. भिंतीवर बदकं काढली, छोट्या खुर्च्या आणल्या. बारा खुंट्या ठोकल्या, प्रत्येकीवर एका मुलाचा फोटो आणि खाली त्याचा झगा. नूरहानची सातवी.

आणि मग दाराला कुलूप लावलं.

"मुलीला कधीपासून आणू, साहेब?" मी विचारलं.

"तिला कशाला आणतेस? सांभाळायला बाई कुठाय?" वग्दी म्हणाला. "तपासणीवाले आले की दार उघडायचं, मुलं आज बागेत गेलीत म्हणायचं. नाव लागलं ना तुझ्या पोरीचं? झालं तर मग!"

मेल्याला लाज नव्हती. आम्हाला तरी कुठे होती? बाराच्या बाराजणी गप्प बसलो. नवरा लिबियात गेला तो तिकडचाच झाला होता, काम सुटलं असतं तर मी खाल्लं असतं काय, माती?

नूरहानला मी आमच्याच इमारतीतल्या म्हाताऱ्या हाज्जा अतियातकडे सोडायचे. एक खोली, एक सतरंजी आणि नऊ पोरं. रोज सकाळी माझ्या डोक्यावरचा रुमाल धरून अशी किंचाळायची की रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. खुंटीवर झगा लागला आणि दुसऱ्या दिवसापासून ओरडणं बंद.

"काय गुणी झालीय गं लेक!" हाज्जा म्हणाली. "आठ वाजले की कोपऱ्यात बसते. खात नाही, रडत नाही, शूसाठीसुद्धा उठत नाही. चार वाजले की मात्र उठते आणि घर डोक्यावर घेते."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. माझी मेलीची अक्कल! पुढे संशय आला, ही म्हातारी गुंगीसाठी खसखशीच्या बोंडांचं पाणी पाजत असणार. जाऊन भांडले. तिने रडत लेकाची शपथ घेतली. मग एक दिवस शेजारच्या मशीनवरची सनिय्या म्हणाली, माझा मुलगाही आठ ते चार तसाच बसतो. तो तर तिच्या आईकडे असायचा, लांब गावाला. त्याचाही झगा खुंटीवर होता. आम्ही दोघी माना खाली घालून पुन्हा कामाला लागलो.

एप्रिलात खमासीनचा, वाळवंटातली धूळ आणणारा वारा सुटला. दुपारी अडीचला आभाळ पिवळं झालं, मग तांबूस, मग खिडकीबाहेर काही दिसेचना. वीज गेली. सगळ्या मशिनी एकदम थांबल्या. त्या हॉलमधली शांतता आम्ही कधी ऐकलीच नव्हती. दातांखाली धूळ करकरत होती. आणि जिन्याखालून आवाज आला... मुलांचा. रडण्याचा नव्हे. सर्दी झालेली मुलं झोपेत श्वास घेतात ना, तसा. पुष्कळ मुलांचा.

सनिय्याने माझं मनगट धरलं. "ऐकलंस?"

"नाही," मी म्हटलं, आणि उठले.

भिंत चाचपत जिना उतरले. दाराच्या फटीतून वास येत होता, आंबलेल्या दुधाचा, ओल्या दुपट्यांचा. त्या खोलीत एक मूल कधी बसलं नव्हतं.

"नूरहान...?"

आतून दारावर थाप पडली. अगदी खाली, माझ्या गुडघ्याशी.

मागून वग्दी टॉर्च घेऊन आला. "काय करतेस गं इथे?"

"दार उघडा."

"उंदीर असतील..."

"उघडा म्हणते ना! नाहीतर आत्ता बोंब मारीन!"

त्याने कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. पण खुंट्यांवरचे बाराही झगे फुगलेले होते, आणि हळूहळू वर-खाली होत होते. सातव्याला मी हात लावला. गरम होता, अंगातून नुकता काढल्यासारखा.

मी तो ओढून काढला.

"अगं, चार वाजू दे!" वग्दी ओरडला. "चारला सुटतात ती... त्याआधी काढू नकोस..."

म्हणजे मुडद्याला सगळं ठाऊक होतं! पण मी कसली ऐकते? झगा छातीशी धरला आणि त्या धुळीतून धावत सुटले. घरी पोचेपर्यंत तो गार पडला होता. नूरहान कोपऱ्यात बसली होती. चार वाजले. पाच वाजले. दिवस मावळला, मगरिबची अजान झाली. ती उठली ती मी हाताला धरून उठवली म्हणून.

झगा परत टांगायला तीनदा गेले. तिन्ही वेळा पहारेकऱ्याने फाटकातूनच हाकललं. कामावरून तर त्याच दिवशी काढलं होतं.

आता सहा वर्षांची आहे. ती बघ, तुझ्या मागेच बसलीय. तू आल्यापासून तिथेच आहे, तुला कळलंही नाही ना? जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते. शाळेतल्या बाई म्हणतात, अशी शांत मुलगी आम्ही पाहिली नाही.

काल चार वाजून गेल्यावर तिची वेणी घालत होते. माझ्या मांडीवर बसली होती, केस माझ्या हातात होते. चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलली.

"आई," ती म्हणाली, "सगळ्यांच्या आया येऊन गेल्या. तू कधी येतेस?"